देव्हाऱ्यातले पत्र

तोंडवलीला सुगंधाच्या घरी देव्हाऱ्यात अन्नपूर्णा होती, रांगता बाळकृष्ण होता, सासूने जपलेली गंगेची गडवी होती आणि मुंबईच्या एका डॉक्टरचे पत्र होते. पत्र तांब्याच्या चपट्या डबीत घडी करून ठेवलेले असे. ते इंग्रजीत टंकलेले होते. सुगंधा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झालेली मास्तरीण. तिला त्यातली तारीख कळायची, ११ मार्च १९६५, आणि एक-दोन ठिकाणी आलेले आपले नाव. बाकीचे तिला तोंडपाठ होते, कारण ते नवऱ्याने तिला वाचून दाखवले होते.

‘पाणी भरपूर पियाचा, डोळ्यांत थेंब घालूचे, काळजीचा काय एक कारण नाय.’

ज्या कागदाने जिवाचा घोर मिटवला तो कागद फडताळात कोंबून ठेवणे तिला बरे वाटले नाही. म्हणून तो देवांत गेला. दर दसऱ्याला शाळेच्या पुस्तकांबरोबर तोही पाटावर येई, त्यालाही हळदकुंकू लागे. चार दसऱ्यांत त्या कागदाच्या घड्या पिवळ्या झाल्या होत्या.

दुखणे सुरू झाले एकसष्ट साली. आधी डोळ्यांत रेती गेल्यासारखे वाटू लागले. किनाऱ्यावरच्या गावात डोळ्यांत रेती जाण्याचे कौतुक कोणाला? तिने पाण्याचे हबके मारले. पण ही रेती जाईना. मग तोंड सुकू लागले. भाताचा घास कढीशिवाय उतरेना, कोरडी भाकरी तर टाळूला चिकटून बसे. वर्गात ती पितळेचा तांब्या भरून नेऊ लागली आणि दर पाच मिनिटांनी घोट घेऊ लागली. पोरांनी तिचे नाव तांब्याबाई ठेवले. तिने ते ऐकले आणि फळ्यावर तांब्याचे चित्र काढून खाली लिहिले, ‘जोडाक्षर ओळखा.’ पोरे लाजून मेली.

हाताची बोटे सकाळी आखडू लागली. कानांखाली दोन्ही बाजूंना सूज आली. मालवणच्या वैद्यांनी गालगुंड म्हणून लेप दिला. सूज उतरली, पुन्हा आली. बासष्ट साली सासू आनंदीबाई गेली तेव्हा सगळे घर रडत होते आणि सुगंधाचे डोळे नुसते जळत होते, लाल होत होते. शेजारच्या काशीबाईने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, “काय बाय काळीज! सासू गेली तरी सुनेच्या डोळ्यात टिपूस नाय.”

सुगंधाला ते जन्मात विसरता आले नाही. सासूवर तिचा जीव होता. रडू आतून येत होते आणि पापण्यांपाशी काहीतरी त्याला अडवत होते. काय अडवत होते, हे तिला समजून घ्यायचे होते.

समजले ते मुंबईत, पासष्टच्या जानेवारीत. नवरा गुरुदास तिला बोटीने घेऊन गेला. तो मॅट्रिक झालेला, लग्नाआधी सात वर्षे मुंबईत एका कचेरीत कारकून होता. वडील वारल्यावर माडांची बाग बघायला गावी परतला होता. त्यामुळे मोठ्या इस्पितळाचे जिने, खिडक्या, चिठ्ठ्या सगळे त्याला जमत होते. तिथल्या तरुण डॉक्टरने एक गमतीचा प्रकार केला. टीपकागदाची बोटभर लांब, अरुंद पट्टी घेतली, तिचे टोक दुमडले आणि ते सुगंधाच्या खालच्या पापणीत अडकवून दिले. दुसऱ्या डोळ्यातही तसेच. मग तो घड्याळ लावून बसला. पाच मिनिटांनी पट्ट्या काढल्या.

“चांगल्या डोळ्याने अर्धी पट्टी तरी भिजायला हवी,” तो म्हणाला आणि त्याने पट्ट्या तिच्या हातात दिल्या. टोकापाशी नखाएवढी ओल होती. बाकी कागद कोरा.

जन्मभर शाई टिपणाऱ्या बाईला ते लगेच पटले. सासूच्या मरणाच्या दिवशी आपल्याकडे रडायला पाणीच नव्हते, हे कोणीतरी मोजून दाखवले होते. तिला इतका हलकेपणा वाटला की तिने त्या पट्ट्या मागून घेतल्या.

डॉक्टर समजावून सांगणारा होता. “शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही शिरलं की त्याच्यावर तुटून पडायचं, हे त्यांचं काम.”

“आमच्याकडे गावाचा राखणदार असतो तसं,” सुगंधा म्हणाली. “शिवेवर असतो. त्याला वर्षाला नारळ द्यावा लागतो.”

“तसंच समजा. तुमचा राखणदार शीव सोडून घरात शिरलाय आणि घरच्यांनाच बडवतोय. अश्रू तयार करणाऱ्या गाठी, लाळेच्या गाठी, बोटांचे सांधे.”

“त्याला द्यायचं काही चुकलं का माझं?”

“काही चुकलं नाही. तो असा का उलटतो, ते अजून कोणालाच सापडलेलं नाही.” मग त्याने टाक खाली ठेवला. “आता तुम्ही जरा बाहेर बसा. मिस्टरांशी बोलतो. तपासण्यांचे कागद आले की पत्रही पाठवीन.”

ती बाहेर बाकावर बसली. दाराच्या काचेतून गुरुदासची पाठ दिसत होती. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटे गेली. सगळा वेळ त्याचा एक हात रिकाम्या खुर्चीची पाठ धरून होता.

मार्चमध्ये पत्र आले. गुरुदासने ते ओटीवर उभ्यानेच उघडले. वाचायला त्याला वेळ लागला. मग त्याने ते तिला वाचून दाखवले. पाणी, थेंब, काळजीचे कारण नाही.

“पानभर लिवल्यानी आणि इतक्याच?” तिने विचारले.

“इंग्रजी तसाच असता गो,” तो म्हणाला. “वायच सांगूचा आणि पानभर घोळवूचा. सात वर्सां ताच करी होतंय मी कचेरीत.”

ती खळखळून हसली. त्याच दिवशी तिने ती तांब्याची डबी चिंच लावून घासली.

पुढची तीन वर्षे तिने मजेत काढली, असे म्हटले तर खोटे होणार नाही. तोंड कोरडे होतेच, तांब्या होताच. पण दुखण्याला आता रूप होते, हद्द होती. गावात कोणी विचारले तर ती राखणदाराची गोष्ट रंगवून सांगे. कधी रविवारी टीपकागदाची पट्टी पापणीत अडकवून पाहत असे आणि ओल कुठवर आली त्यावर पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकत असे. गुरुदास म्हणे, “झाली काय गो तुझी परीक्षा? पास का नापास?” ती म्हणे, “नापास. पण मास्तरीण मीच, वर चढवतंय.”

अडुसष्टच्या होळीनंतर उजव्या कानाखालची सूज काही उतरेना. आधी ती मऊ असायची, भिजल्या वातीसारखी. आता बोटाला टणक लागत होती, कोवळ्या सुपारीएवढी, आणि दुखत मात्र नव्हती. न दुखणे तिला चमत्कारिक वाटले. दुखणारी गोष्ट दुखायची थांबली आणि वाढतच राहिली, तर तिचे काहीतरी बदलले आहे, इतके तिला कळत होते.

“पावस पडाच्या आधी एकदा मुंबयक जावन येवया,” ती म्हणाली. “बोटी बंद झाल्यार चार म्हयने काय करूक येवचा नाय.”

गुरुदासने सुपारी कातरता कातरता खाली पाहिले. “इतक्या दगदगीत तू आजारी पडशीत. पावणायक इचारूया. देवी सांगात तसा.”

याला नाही म्हणणारी सून त्या गावात नव्हती. शेत विकायचे असो की मुलगी द्यायची असो, ग्रामदेवी पावणाईचा कौल घेतल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नसे. दगडी मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला तगरीच्या कळ्या पाण्याने चिकटवायच्या. उजवी कळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न घरच्या कर्त्या पुरुषाने गुरवाच्या कानात सांगायचा, अशी त्या देवळाची रीत होती. बायका सभामंडपाच्या खांबापाशी उभ्या राहत.

सुगंधा तिथेच उभी राहिली. हरिश्चंद्र गुरवाने कळ्या लावल्या, गुरुदासने त्याच्या कानाशी तोंड नेले. गुरव पुटपुटत देवीला गाऱ्हाणे घालू लागला. खांबापाशी ऐकू आला तो नुसता शेवटचा गजर, “होय म्हाराजा!” ती डोळे ताणून कळ्यांकडे पाहत राहिली. ते जळत होते, पण तिने पापणी हलू दिली नाही. उजवी कळी सुटली, देवीच्या पायांशी पडली.

ती आनंदली. उजवी म्हणजे होकार, म्हणजे मुंबई.

गुरुदास प्रसाद घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “जावची गरज नाय. देवीन हयसरच राखतंय म्हणान सांगल्यान.”

“पण उजवी पडली.”

“तसोच इचारललो प्रश्न,” तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

पावसाळा गेला. संध्याकाळची अंगात कणकण येऊ लागली, मनगटातली काकणे कोपरापर्यंत वर सरू लागली. श्रावणात पोलक्याच्या बाह्या आत घेतल्या, भाद्रपदात पुन्हा घेतल्या. गाठ आता लिंबाएवढी होती. तिने पदर कानावरून घ्यायला सुरुवात केली. देवीने सांगितले होते, डॉक्टरने लिहिले होते, नवऱ्याने वाचले होते. तिघांवर शंका घ्यायची तर उभे राहायला जागा कुठली?

दसऱ्याला विमला आली. विमला त्यांची एकुलती एक मुलगी, अकरावीत, मालवणला आत्याकडे राहून हायस्कुलात शिकणारी. इंग्रजीत पहिली येते म्हणून जरा मानेत ताठ होती. त्या घरची एक पद्धत होती. दसऱ्याला पाटावरची सरस्वती उचलताना ज्याने-त्याने पूजेतली एखादी वस्तू घेऊन चार ओळी मोठ्याने वाचायच्या. गुरुदास देवळात सोने लुटायला गेला होता. सुगंधाने नेहमीप्रमाणे तिसरीच्या पुस्तकातली कविता वाचली. विमलाने तांब्याची डबी उचलली.

“ह्या वाचू? बाबांनी वाचला तसा नाय हां. अस्सल इंग्लिशीत, डाक्टरासारख्या.”

“वाच. माका काय कळाचा नाय, पण तुझा तोंड बघीन.”

विमलाने घसा साफ करून सुरुवात केली. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचा अर्थ, जसे वर्गात करतात तसे. तपासण्या पुऱ्या झाल्या. डोळ्यांत थेंब घालावे. पाणी वारंवार प्यावे. सुगंधा मान डोलवत होती. पाठ असलेली आरती ऐकावी तशी.

पुढच्या वाक्याला विमला अडखळली. आतून जाऊन शब्दकोश घेऊन आली. बोटाने एक शब्द शोधला, मग दुसरा शोधला, तो सापडला नाही. तिचा आवाज खाली आला.

“परदेशातल्या डॉक्टरांनी गेल्या साली असले काय रोगी बघितल्यानी… त्येंच्यात थोड्या वर्सांनी ह्योच पेशी… बेसुमार वाढतत. आये, हयसर कॅन्सर लिवलला आसा. रक्ताच्या पेशींचो.”

“फुडे.”

“‘असे रुग्ण थोडे आहेत. दोन्ही आजारांचा संबंध सिद्ध झालेला नाही, पण शंका घेण्याइतका दिसतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी अत्यावश्यक आहे. गाठ टणक झाली, ताप येऊ लागला किंवा वजन उतरलं, तर त्याच आठवड्यात यावं.’” विमला आता मालवणी विसरली होती, वर्गात भाषांतर करावे तसे बोलत होती. शेवटची ओळ तिने डोळ्यांनी वाचली, कागद मिटला. “इतक्याच.”

सुगंधाने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले. साडेतीन वर्षांपूर्वी ओटीवर असाच एक चेहरा कागद मिटताना तिने पाहिला होता, तेव्हा ओळखला नव्हता.

“विमल. एक ओळ ऱ्हवली.”

“आये…”

“ह्या घरात दुसऱ्यांदा असा नको. वाच.”

“‘आपल्या पत्नीला यातलं किती सांगावं,’” विमला म्हणाली, “‘हे मी आपल्यावर सोपवतो.’”

बाहेर पुरुष सोने लुटून परतत होते, त्यांचा आरडाओरडा अंगणापर्यंत येत होता. सुगंधाने कागद घेतला, घडी घातली, डबीत ठेवला. मग तिने बोटांवर मोजले. सप्टेंबर पासष्ट, मार्च सहासष्ट, सप्टेंबर, मार्च, सप्टेंबर, मार्च, आणि हा नुकताच सरलेला सप्टेंबर. सात खेपा. कॅन्सरची भीती तिला अजून नीट लागलीही नव्हती. तिला एकच गोष्ट कळत होती, की चार दसरे आपण ज्या कागदाला कुंकू लावले, तो आपल्याला ओरडून हाक मारत होता, आणि आपल्याला त्याची भाषा येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवळात गेली. हरिश्चंद्र गुरव निर्माल्य काढत होता.

“गुरवानू, होळीनंतर आमच्या घरचो कौल घेतललो. प्रश्न काय होतो?”

गुरव चपापला. “घोवाक इचारा बाईनू. माका कित्याक?”

“तुमका आठवता काय नाय?”

“गाऱ्हाणा मी विसरणंय नाय,” तो जरा दुखावून म्हणाला. “‘आये पावणाये, माझी बायल येवच्या पावसाळ्यात घरात सुखरूप ऱ्हवतली मां? ऱ्हवतली तर उजवी दी.’ उजवी दिल्यान. ऱ्हवलास मां सुखरूप?”

“ऱ्हवलंय. मुंबयचा नाव निघाला?”

“मुंबयचा? नाय बा. मुंबयचा कोणी काय इचारूकच नाय.”

सुगंधाने गाभाऱ्याकडे पाहिले. देवी तशीच होती, दगडाची, खरे बोलणारी. जेवढे विचारले तेवढ्याचे उत्तर तिने चोख दिले होते.

गुरुदास परसात पहारीवर नारळ सोलत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

“देव्हाऱ्यातल्या पत्रात काय लिवलला आसा?”

त्याने वर पाहिले नाही. नारळ अर्धा सोललेला तसाच पहारीवर राहिला. “कोणी वाचल्यान?”

“तुमच्या चेडवान. तुमी शिकवलास म्हणान वाचूक इला तिका.”

तो बोलला तो एकदम, जणू ते शब्द कितीतरी दिवस तोंडाशीच होते. “माझी आये आठवता तुका? डाक्टरान तोंडावर सांगल्यान तिका, काळीज कमजोर झाला. त्या दिसापासून खांबाक टेकान बसली ती उठाक नाय. दीड म्हयन्यात गेली. काळजान नाय गेली गो ती, भयान गेली. तुझा तसा होवचा नको होता माका.”

“मी तुमची आवस नाय.”

“डाक्टर म्हणालो, नक्की काय नाय. शंभरात किती, ताय तेका म्हायत नव्हता. नसलेला भय मी तुझ्या गळ्यात कित्याक बांधू? तू हसत होतस. तीन वर्सां हसत होतस.”

“तुमी वाचलेल्या पत्रार हसत होतंय. डाक्टरच्या पत्रार हसूक माका मिळाकच नाय.”

“माका तुझा हसणा व्हया होता,” तो म्हणाला, आणि हे मात्र त्याने इतक्या हळू म्हटले की तिला ते खरे वाटले. म्हणून अधिकच राग आला.

“आणि होळीनंतर? तेवा गाठ हातात येय होती. भय नसलेला नव्हता तेवा.”

“तेवा मीच भियालंय,” तो म्हणाला. “आता मुंबयक गेलो तर डाक्टर पयला इचारतलो, इतकी वर्सां खंय होतास? काय सांगू होतंय मी तुझ्याफुडे?” मग आपली बाजू सापडल्यासारखा घाईने म्हणाला, “पण देवीशी मी खोटा बोलाक नाय. कळी हलवूक नाय, गुरवाक फोडूक नाय. शपथेर सांगतंय.”

“म्हायत आसा. देवीक भियालास तुमी. माका भियालास नाय.”

तो रडू लागला. पहारीला धरून उभा राहिला आणि मोठ्या माणसाने रडू नये तसा रडला. गालांवरून, मिशीतून, हनुवटीवरून पाणी गळत होते. सुगंधा ते पाहत राहिली. किती सहज येते काहींना, असा विचार तिच्या मनात आला आणि त्याची तिला लाज वाटली नाही. तिचे डोळे फक्त जळत होते. ती आत गेली आणि तिने मुंबईला भावाला, बाबूला, तार करायचा मजकूर लिहिला.

बोटीवर ती विमलाला घेऊन गेली. गुरुदास मालवणच्या धक्क्यापर्यंत आला. “मी येतंय,” असे त्याने तीनदा म्हटले.

“डाक्टराच्या दाराभायल्या बाकावर बसूक तयार आसलास, तर येवा,” ती म्हणाली. मग होडी आली आणि त्याने पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. तो तिने घेतला, कारण तोंड कोरडे पडले होते.

डॉक्टर तोच होता, केस कानांपाशी पिकले होते. त्याने कपाटातून तिची फाईल काढली, तारीख पाहिली, मग तिच्याकडे पाहिले. “तुम्ही परत आलाच नाहीत. मी पत्रात लिहिलं होतं.”

“पत्र पोचलं. मला पोचायला साडेतीन वर्षं लागली,” ती म्हणाली. “तुम्ही मला बाहेर बसवलं होतं, डॉक्टर.”

त्याने विमलाला खुर्ची दिली आणि पुढचे सगळे तो सुगंधाशी बोलला.

गाठीचा तुकडा काढून तपासला. जी शंका कागदावर होती, ती गाठीत उतरली होती. पाच आठवडे किरणांचा उपचार झाला. ती बाबूच्या खोलीतून रोज जाऊन येई. गाठ लहान होत गेली. रोज आरशात ती गाठीची बोटांनी मापे घेई आणि वहीत लिही. शेवटच्या दिवशी तिने डॉक्टरला विचारले, “सात खेपा चुकल्या माझ्या. त्यांतल्या एखाद्या खेपेला हे सापडलं असतं का? लवकर सापडून बरं झालं असतं का?”

डॉक्टरने लगेच उत्तर दिले नाही, हे तिला आवडले. “कदाचित. कदाचित नाही. असे रुग्ण इतके थोडे आहेत की खात्रीने काही सांगावं, एवढी माहितीच आमच्याकडे नाही. मी सांगितलं असतं तर…” तो थांबला. “माझीही एक ओळ त्यात आहे, बाई.”

“म्हणजे मी किती रागवायचं, तेही नक्की ठरवता येणार नाही,” ती म्हणाली.

त्याने तिची फाईल मिटली.

“यापुढचं पत्र मराठीत लिहा. आणि माझ्या नावानं.”

जानेवारीत पत्र आले. टपालवाल्याने ते सवयीने ओटीवर बसलेल्या गुरुदासच्या हातात दिले. त्याने पाकिटावरचे नाव वाचले आणि ते पाकीट कोपऱ्याला धरून, दुसऱ्याची वस्तू आणावी तसे स्वयंपाकघरात आणून दिले. सुगंधा पेज गाळत होती. तिने हात पुसले, पाकीट फोडले आणि उभ्यानेच वाचले.

पत्र पानभर होते, स्वच्छ मराठीत. गाठ बसली आहे, असे त्यात होते. पण रक्ताच्या शेवटच्या तपासणीत काही पेशी नको तशा दिसत आहेत. एवढ्यावरून निश्चित बोलता येत नाही. सहा आठवड्यांनी यावे, उशीर करू नये. शेवटी डॉक्टरने लिहिले होते, ‘हे सगळे तुम्हाला कळवले आहे. यातले कोणाला किती सांगावे, हे तुम्ही ठरवा.’

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग घडी घातली.

गुरुदास दारातच उभा होता. आत यायचे की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हते. या तीन महिन्यांत तो खूप बारीक झाला होता. “काय लिवल्यानी गो?” त्याने विचारले.

सुगंधाने तांब्यातला घोट घेतला.

“पाणी भरपूर पियाचा,” ती म्हणाली. “डोळ्यांत थेंब घालूचे. काळजीचा काय एक कारण नाय.”

त्याने ते शब्द ओळखले. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, तिथे काही सापडते का ते शोधत. मग त्याची नजर घडी केलेल्या कागदावर गेली. पत्र मराठीत होते, हाताच्या अंतरावर होते, त्याला अक्षर न् अक्षर वाचता आले असते. पण त्याने हात पुढे केला नाही.

तिने पत्र शाळेच्या पिशवीत हजेरीपटाच्या खाली ठेवले, तांब्या भरून घेतला आणि पायात चपला घातल्या. पहिली घंटा व्हायला दहा मिनिटे होती.